शेषकुंडला चपला आत जातात

श्रीक्षेत्र शेषकुंड इथे देवाच्या दर्शनाला चपला आत जातात आणि माणसं बाहेर माणूस-स्टँडवर जमा करावी लागतात.

पद्धत फार जुनी आहे. महाद्वाराशेजारी तिचा शिलालेख आहे, पण तो जमिनीपासून वीतभर उंचीवर कोरलेला असल्यामुळे माणसाला वाकूनही धड वाचता येत नाही. तो माणसांसाठी नाहीच. तिथले जाणते लोक सांगतात ते असं: दोन हजार वर्षांपूर्वी पहिली यात्रा भरली, तेव्हा देवाने दाराशी विचारलं, "इथवर चालत कोण आलं?" माणसं हात जोडून पुढे झाली. देव म्हणाला, "तुम्ही वर होता. खाली कोण होतं?" माणसांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. तेव्हापासून वाटेतले काटेकुटे ज्यांनी सोसले ते आत जातात आणि बाकीचे बाहेर बसतात.

मधल्या काळात मोटारगाड्यांमुळे थोडी अडचण झाली. चपला गाडीत बसून यायला लागल्या आणि त्यांच्यात आणि माणसांत काही फरक उरेना. देवस्थानाने त्यावर विचार केला आणि गाड्यांचा थांबा गावापासून दोन कोसांवर नेऊन ठेवला. आता कुठूनही या, शेवटचे दोन कोस चालावंच लागतं. महाद्वारात चपलांचे तळ तपासतात आणि धूळ पुरेशी असेल तरच आत सोडतात.

महिपती दौंडेला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने जी चूक केली ती लाजेपायी केली.

महिपती जांभूळदऱ्याच्या गिरणीत दळण दळायचा. वय चोवीस. स्वभावाने इतका बुजरा, की दळण घेऊन आलेल्या बायकांशीही डब्याकडे बघून बोलायचा. पाच वर्षांचा असताना त्याला महिनाभर ताप आला होता आणि पायातलं बळच गेलं होतं. तेव्हा त्याच्या आईने शेषनाथाला नवस केला, की पोरगं चालायला लागलं तर त्याला तुझं दर्शन घडवीन आणि तोवर चहा तोंडाला लावणार नाही. पोरगं आठ दिवसांत चालायला लागलं. दर्शन मात्र राहिलं. एका वर्षी पूल वाहून गेला, एका वर्षी वडील गेले, मग अक्काचं लग्न, मग गाय व्यायली. असं करता करता एकोणीस वर्षं झाली. घरात दोन वेळा चहा व्हायचा. आई तो सगळ्यांना द्यायची आणि स्वतः पातेल्याच्या वाफेजवळ जरा जास्त वेळ उभी राहायची. कोणी बघितलं तर आलं पुरेसं पडलं का ते पाहतेय, असं म्हणायची.

या वर्षी बातमी आली की शेषकुंडच्या मूर्तीला वज्रलेप करायचा आहे आणि त्यासाठी गाभारा वर्षभर बंद राहणार आहे. आईचे गुडघे तर गेल्या दिवाळीपासूनच बोलायला लागले होते.

ती म्हणाली, "माझं काय आता येणं होत नाही. तूच जाऊन ये. आल्यावर तुझ्या हातचा चहा पिईन म्हणते."

"आणि नाहीच झालं दर्शन तर?"

"तर नाही पिणार. त्यात काय विचारायचं."

महिपतीच्या चपला नऊ वर्षांच्या होत्या. शिवणीशिवणीत पीठ बसून त्या कडेने पांढऱ्या झाल्या होत्या आणि उजवीचा अंगठा तारेने बांधलेला होता. लग्नाकार्यात तो त्या मांडवाबाहेर सगळ्यांच्या शेवटी, जमलं तर दुसऱ्याच्या बुटांखाली ठेवायचा. अशा चपला देवासमोर पाठवायच्या, या विचाराने त्याला दोन दिवस झोप नव्हती. शेवटी तो निमगावला अक्काकडे गेला आणि दाजींच्या नव्या कोल्हापुरी मागून घेऊन आला. दाजी म्हणजे रावसाहेब गोर्डे. त्यांना देवाधर्माचं काही नव्हतं, पण चपला छान होत्या. चालताना कर्र कर्र वाजायच्या.

प्रवास त्याने स्वतःच्याच चपलांवर केला. शेषकुंडच्या थांब्यावर उतरल्यावर तो एका बाभळीमागे गेला, दाजींच्या चपला पायात घातल्या आणि आपल्या जुन्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातल्या. मग कर्र कर्र करत तो दोन कोस चालला.

माणूस-स्टँड म्हणजे पाच फळ्यांची लांबच लांब लाकडी मांडणी. तिथे इंदूताई पाचपोर बसायच्या. त्यांनी महिपतीला वरून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या गळ्यात चारशे बारा नंबरचा पितळी बिल्ला घातला आणि तसाच दुसरा बिल्ला चपलांच्या पट्ट्याला अडकवला.

"वजन?"

"पंचावन्न."

"तिसरी फळी. जड माणसं खाली असतात. पाय आत घ्यायचे. शेजारच्यावर रेलायचं नाही, डाग पडतात."

दाजींच्या चपला महाद्वाराकडे निघून गेल्या. महिपती फळीवर चढून बसला. समोर पाटी होती: माणसं स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत. बदली झाल्यास देवस्थान जबाबदार राहणार नाही.

"पाटी वाचून ठेवा," शेजारून आवाज आला. "मी वाचली नव्हती."

शेजारी सफारीतले एक वजनदार गृहस्थ बसले होते. त्यांच्या खांद्यांवर धूळ होती. त्यांनी आपली ओळख करून दिली: देशकर, निवृत्त मंडळ अधिकारी. स्टँडवर त्यांचा हा अकरावा दिवस होता.

"जड माणसं खाली असतात ना, साहेब?" महिपतीने कसंबसं विचारलं.

"आलो तेव्हा खालीच होतो. अकरा दिवसांत दोन फळ्या चढलो. इथलं जेवण म्हणजे नुसता प्रसाद."

देशकरांची हकीकत अशी होती. त्यांचे बूट काळे, चकचकीत आणि महागाचे होते. दर्शन घेऊन ते वेळेवर बाहेर आले, देशकरांच्या समोर क्षणभर थांबले आणि पुढे जाऊन एका सडपातळ डॉक्टरसमोर उभे राहिले. डॉक्टर आधी नको नको म्हणाले, पण नियमाप्रमाणे ज्या चपला समोर उभ्या राहतील त्यांच्याबरोबर जावं लागतं आणि त्या जिथे जातील तिथे राहावं लागतं. डॉक्टर गेले. तासाभराने डॉक्टरच्या सँडल आल्या. त्यांनी सगळी मांडणी पाहिली, देशकरांनाही पाहिलं, आणि एकट्याच निघून गेल्या.

"लोक चोरी म्हणतात याला," देशकर म्हणाले. "मी म्हणत नाही. त्यांनी निवड केली. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. निवड आणि चोरी यांतला फरक मला कळतो."

"मग आता?"

"बाराव्या दिवशी मागच्या धर्मशाळेत नेतात. ज्यांची माणसं वारली अशा चपला पौर्णिमेला तिथे येतात. त्यांना कोणी पसंत पडलं तर घेऊन जातात. इंदूताई, पौर्णिमा कधी आहे?"

"झाली परवा," इंदूताई म्हणाल्या. त्या फडक्याने दुसऱ्या फळीवरची माणसं झटकत होत्या. "तुम्हाला मी शंभरदा सांगितलं, जरा हसरा चेहरा ठेवा. चपला काय बघून थांबणार?"

महिपतीला शेषकुंड दिसलं ते या तिसऱ्या फळीवरून. लोक गावी जाऊन त्या प्राचीन नगरीचं वर्णन करतात, त्यात कळस असतात, दीपमाळा असतात. महिपतीला त्यातलं काही दिसलं नाही, कारण मांडणीचं छप्पर खाली होतं. त्याला दिसली ती झिजून मधोमध खोलगट झालेली महाद्वाराची पायरी. दोन हजार वर्षांचे तळ तिच्यावरून गेले होते. तिच्यावरून आत्ताही चपलांची रांग पुढे सरकत होती. एका पलटणीचे बूट पावलात पाऊल टाकून गेले. नव्या नवरीच्या जरीच्या चपला नवऱ्याच्या बुटांपासून वीतभर अंतर ठेवून चालल्या होत्या, पायरीपाशी मात्र एक जरा सरकली आणि बुटाला टेकली. कुणा बाळाचे शिट्टी वाजणारे बूट रांग सोडून तीनदा परत आले आणि तिन्ही वेळा आजीच्या रबरी स्लिपरने त्यांना पुढे घातलं. ऊन वर आलं तसा पायरीतला पाण्याचा ओलावा चमकायला लागला. महिपतीला वाटलं, हे आईला सांगायला पाहिजे.

दोन वाजता चारशेच्या पुढचे नंबर बाहेर यायला लागले. चारशे दहाच्या चपला आपल्या म्हातारीसमोर येऊन थांबल्या. चारशे अकरानेही आपला माणूस नेला. मग कर्र कर्र आवाज आला.

दाजींच्या चपला महिपतीसमोर आल्या. थांबल्या. त्याने ओशाळून पाय पुढे केले. चपलांनी ते पाय पाहिले आणि सावकाश पुढे गेल्या. चारशे तेरा पाहिला, चारशे चौदा पाहिला, पहिल्या फळीपासून पाचवीपर्यंत सगळी मांडणी पाहून झाली, आणि मग त्या फाटकाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"गेलं तुमचंही काम," देशकर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं.

"ताई," महिपती हळूच म्हणाला. "ताई, त्या माझ्या चपला."

इंदूताई वही घेऊन आल्या. "तुझ्या आहेत? मग घेत का नाहीत तुला?"

महिपतीने मान खाली घातली. "दाजींच्या आहेत."

"म्हणजे उसन्या." इंदूताईंनी पेन काढलं. "दाजींचं नाव?"

"रावसाहेब गोर्डे. पण ताई, ते आलेले नाहीत."

"माणूस आला काय नि न आला काय. चपला आल्या ना? दर्शन ज्याच्या चपला त्याला." त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "रावसाहेब गोर्डे, दर्शन घडलं, वेळ एक पन्नास."

"ते घरी आहेत हो. या वेळेला झोपलेले असतात."

"झोपेत घडलं म्हणून काय झालं. घडलं ते घडलं."

"त्यांचा विश्वासही नाही."

"ते त्यांचं ते बघतील."

महिपतीच्या डोळ्यांसमोर पातेलं आलं आणि त्याच्या वाफेजवळ उभी असलेली आई आली. अजून एक वर्ष. गाभारा उघडायला एखाद वर्ष आणखी लागलं तर दोन. आणि आईचं वय आता मोजण्यासारखं राहिलेलं नव्हतं. त्याने पिशवी उघडली आणि वर्तमानपत्राची गुंडाळी बाहेर काढली. भर फळीवर, चारशे माणसांसमोर, ती सोडायला त्याला बराच वेळ लागला.

"माझ्या या आहेत," तो म्हणाला.

इंदूताईंनी चपला पाहिल्या. तार पाहिली. पीठ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "या दोन कोस चालून आल्या?"

"नाही. पिशवीतून आल्या."

"पिशवीतून आलं त्याला यात्रेकरू म्हणत नाहीत. सामान म्हणतात."

"मी परत थांब्यावर जातो ताई, आणि या घालून चालत येतो."

"तू कसा जाशील? तू जमा आहेस. चपला न्यायला आल्याशिवाय माणूस सोडता येत नाही मला. आज तुला सोडला तर उद्या सगळेच म्हणतील आम्हाला सोडा."

तिढा तर पडला. तेवढ्यात देशकर खाकरले.

"इंदूताई, एक विचारू? नियम काय आहे, शब्दशः?"

"दोन कोस चाललेलं असावं."

"वर माणूस असावा, असं कुठे लिहिलंय का?"

इंदूताईंनी वही मिटली. त्या उठून शिलालेखापाशी गेल्या, जमिनीवर चक्क आडव्या झाल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या पदराला चिखल लागला होता.

"नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. "एकट्या जाऊन एकट्या येऊ शकतात. पण पोरा, नीट ऐक. एकदा मोकळ्या सोडल्या की त्या त्यांच्या मर्जीच्या. थांब्यावर जाऊन गाडीत बसल्या, कुठे निघून गेल्या, तर तुला न्यायला कोणीच उरत नाही. मग तू आणि देशकर साहेब, दोघं धर्मशाळेत. आणि गाभारा पाचला बंद. पाच म्हणजे पाच."

"पाठवू नका," देशकर सहज म्हणाले. "माझ्या बुटांना मी रोज पॉलिश करत होतो. तरी गेले. तुम्ही तर यांना पिशवीत घातलंय."

महिपतीने चपला जमिनीवर ठेवल्या. एकमेकींशेजारी, नीट. नऊ वर्षांत तो त्यांच्याशी कधी बोलला नव्हता. आता बोलायचं तर सगळे ऐकत होते.

"ऊन आहे," तो म्हणाला. "कडेकडेने जा. सावली आहे तिकडून."

चपला हलल्या नाहीत.

"बाभळीपाशी काटे आहेत. मघाशी..." मघाशी त्या बाभळीमागे त्याने काय केलं ते त्या दोघींना माहीतच होतं. "आईचा चहा आहे," तो शेवटी म्हणाला.

जरा वेळाने डावी हलली. मग उजवी. तारेचं टोक फरशीवर खरडत दोघी फाटकातून बाहेर पडल्या. तिथे दाजींच्या कोल्हापुरी उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता या पुढे गेल्या आणि रस्त्याच्या कडेने दिसेनाशा झाल्या. तेव्हा सव्वादोन वाजले होते.

वाट बघण्यासारखं लांबलचक काही नाही. तीन वाजले. इंदूताईंनी माणसांना पाणी दिलं. साडेतीन वाजले. देशकरांनी त्यांच्या बुटांची खरेदी कशी झाली ते सविस्तर सांगितलं, दुकानदार काय म्हणाला, पत्नी काय म्हणाली.

"आत्ता कुठे असतील?" महिपतीने मधेच विचारलं.

"कोण, माझे बूट?"

"माझ्या चपला."

"थांब्यावर पोचल्या असतील. सव्वातीनची जांभूळदरा गाडी असते तिथून. चांगली रिकामी असते."

"त्यांना गाडी लागते," महिपती म्हणाला. ही त्याने मनाची समजूत काढली होती. देशकरांना ते कळलं आणि पहिल्यांदाच त्यांनी बुटांचा विषय आवरता घेतला.

चार वाजले. बाहेर पडणाऱ्या चपलांची गर्दी वाढली आणि मांडणी रिकामी होत चालली. सव्वाचारला शेजारच्या फळीवर एकच देखणा तरुण उरला, मनगटावर घड्याळ असलेला. साडेचारला नवी रांग बंद झाल्याची घंटा झाली. आता येणाऱ्याने रांगेत उभं राहायचं म्हटलं तरी सोय नव्हती.

पाच मिनिटांनी रस्त्यावर खरडल्याचा आवाज आला.

आधी डावी दिसली. तिच्या मागे चार बोटांवर उजवी. तार पार वाकली होती आणि पट्ट्यात बाभळीचा काटा अडकला होता. दोघी इतक्या धुळीने माखल्या होत्या की कडेचं पीठही दिसत नव्हतं. त्या महिपतीकडे आल्या नाहीत. सरळ महाद्वारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तळ तपासणारा म्हातारा म्हणाला, "रांग बंद झाली." मग त्याने सवयीने तळ उलटून पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "ही तर चार कोसांची धूळ आहे. दोन जायची, दोन यायची. इंदूताई, चार कोसवाल्यांना काय म्हणतो आपण?"

"थेट दर्शन," इंदूताई वही न उघडता म्हणाल्या. "रांग लागू नाही. इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं, म्हणून विसरलास."

चपला आत गेल्या. पाचला वीस मिनिटं कमी होती.

त्याच वेळी फाटकाशी कर्र असा आवाज झाला. दुपारपासून रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या दाजींच्या कोल्हापुरी वळल्या. दाजी येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या मांडणीपाशी आल्या. देखण्या तरुणाला पाहिलं, महिपतीला पुन्हा एकदा पाहिलं, आणि देशकरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

देशकरांनी सफारीची बटणं लावली, खांद्यांवरची धूळ झटकली, दोन फळ्या जपून उतरले आणि चपला पायात घातल्या.

"जरा सैल आहेत," ते म्हणाले. "माणूस थोडा जाड असावा यांचा."

"आहेत दाजी तसे," महिपती म्हणाला.

"राहतात कुठे या?"

"निमगावला. फाट्यावर उतरलं की गोर्डे वस्ती."

"बरं. गाव चांगलं आहे? पाणी वगैरे?"

"विहीर आहे."

देशकरांनी इंदूताईंना नमस्कार केला, बिल्ला परत केला आणि चपला नेतील तसे निघाले. जाताना त्यांनी वळून पाहिलं. "तुमच्या आल्या हं," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं."

पाचचे ठोके पडायला लागले आणि महाद्वार बंद होऊ लागलं. तिसऱ्या ठोक्याला बाहेर पडणाऱ्या शेवटच्या लोंढ्यात महिपतीच्या चपला दिसल्या. त्या आधी देखण्या तरुणासमोर थांबल्या. तरुण महिपतीपेक्षा उंच होता, त्याची नखं स्वच्छ होती आणि त्याने चपलांकडे बघून चांगलं हसूनही दाखवलं. उजवीने फळीच्या कडेला घासून वाकलेली तार सरळ केली. त्यासाठीच थांबल्या होत्या. मग दोघी पुढे येऊन महिपतीच्या खाली, एकमेकींशेजारी, नीट उभ्या राहिल्या.

त्याने पाय घातले. आतून त्या गार आणि ओलसर होत्या.

"महिपती दौंडे," इंदूताईंनी लिहिलं. "दर्शन घडलं, वेळ चार पंचावन्न. पुढच्या खेपेला उसनं काही आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जांभूळदऱ्याला पोचला. आई दाराशीच बसली होती. अक्काचा फोन येऊन गेला होता आणि निमगावची हकीकत आईला त्याच्या आधीच कळली होती.

"तुझे दाजी काल दुपारी झोपेतून उठले," आई म्हणाली, "तोंडातला तंबाखू थुंकून आले नि आंघोळ करतो म्हणाले. अक्का म्हणते, काय झालंय ते त्यांनाही कळेना. आणि चपलांबरोबर कोणी साहेब आलेत?"

"देशकर साहेब."

"रात्रीच पडवीत उतरलेत म्हणे. आता दाजींना चपला घालून कुठे जायचं झालं की साहेबांनाही न्यावं लागणार. पण बांधाचे कागद चांगले वाचून दिले त्यांनी." तिने पदराने तोंड पुसलं. "ते जाऊ दे. देव कसा होता?"

महिपतीला खोटं बोलता येत नसे. "मी नाही बघितला, आई. मी फळीवर होतो."

"ते माहितीये मला. काढ चपला. दे इकडं."

त्याने चपला काढून दिल्या. आईने त्या मांडीवर घेतल्या, उलट्या केल्या आणि उजेडाकडे धरल्या. मग बोटाने वाचायला लागली.

"हे कुंडाचं पाणी. पायरीवर कडेने उतरल्यात, भिताडाला धरून. इथं कोणाचा तरी बूट पडलाय डावीवर. जड होता." तिचं बोट पुढे सरकलं. "हा गुलाल म्हणजे मंडप. हे झेंडूचं पान. आणि हे बघ, इथं तेल आहे." ती थांबली. "तेल समईखालीच असतं. समई एकदम पुढं असते, देवाच्या. इथं लई वेळ उभ्या राहिल्यात रे. आख्खा तळ भिजलाय."

बराच वेळ ती त्या डागावर बोट ठेवून बसली. महिपती आत गेला आणि चहा ठेवला. त्याला मापाचा अंदाज नव्हता. साखर जास्त पडली आणि आलं किसायचं राहिलं.

आईने कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि एक घोट घेतला. "गोड झालाय," ती म्हणाली. दुसरा घोट घेतला. "कर सवय आता. रोज करायचाय तुला."

मग तिने पातेल्यात उरलेला चहा बशीत ओतला, दोन्ही चपला भिंतीशी सरळ मांडल्या आणि बशी त्यांच्यामध्ये ठेवली.

"गरम आहे," ती त्यांना म्हणाली. "सावकाश."

थोड्या वेळाने बशी रिकामी झाली. आईने ती विसळून फळीवर पालथी घातली. तोवर गिरणीशी दळणाचे डबे येऊन लागले होते, म्हणून महिपतीने चपला पायात घातल्या आणि तो कामावर गेला.